गिअरबॉक्समध्ये काही पडलं तर

बोटांतून वायसर, म्हणजे बोल्टखालची चकती, निसटला की आधी कडेवर ‘टिक्’ असा आवाज येतो. मग आत खोल कुठेतरी आणखी एकदा. त्यानंतर काहीच नाही, कारण तेलाने तो गिळलेला असतो. हा आवाज ज्याने ऐकलाय त्याला पोटात येणारा गोळाही माहीत आहे.

माझ्या हातून तो निसटला तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो आणि गॅरेजात लागून दोनच महिने झाले होते. वडापची जुनी जीप होती. उताराला लागली की दुसरा गिअर आपोआप सुटायचा, ड्रायव्हर डाव्या हाताने दांडा दाबून धरूनच गाडी चालवायचा. असल्या दुखण्यात बऱ्याचदा टॉप कव्हरमधली, म्हणजे गिअरबॉक्सच्या वरच्या झाकणातली, स्प्रिंग मेलेली असते किंवा तिच्या टोकाचा छर्रा झिजलेला असतो. मेस्त्रींनी कव्हर उतरवून दोन्ही बदलले आणि परत बसवायचं काम मला दिलं. बोल्ट आणि त्यांचे स्प्रिंग वायसर (एका जागी कापलेली पोलादी कडी) मी वाटीत ठेवायचे सोडून मुठीत धरले होते. एक आत गेला.

मेस्त्री चहाला गेले होते. कव्हर बसवून टाकावं आणि गप्प राहावं, असं माझ्या मनात आलं होतं. हे मुद्दाम लिहितोय, कारण वाचणाऱ्यांपैकी कुणीतरी आज त्याच जागी उभं असेल. मेस्त्री परत आल्यावर मी सांगितलं.

“मामा, वायसर आत पडला.”

“फिरवलंस का काही?”

“नाही.”

“मग अजून काही बिघडलेलं नाही. जोडीचा वायसर आण इकडे.”

रागावणं, ओरडणं काही नाही. आधी हा प्रश्न, मग ती मागणी. इतकी वर्षं हे काम केल्यावरही मी नवीन मुलांना याच क्रमाने शिकवतो: काहीही फिरवू नकोस, आणि नेमकं काय पडलंय ते जोडीच्या वस्तूवरून हातात घेऊन बघ.

फिरवायचं नाही म्हणजे नेमकं काय

तळाशी पडलेला वायसर स्वतःहून काही करत नाही. नुकसान होतं ते दोन दातांच्या मध्ये तो सापडला की. गिअरचे दात कडक केलेल्या पोलादाचे असतात, एकमेकांत अगदी थोड्या फटीने बसलेले असतात. मध्ये कठीण तुकडा आला की दोन्हीकडच्या दातांना मागे सरकायला जागा नसते. मग दात तुटतो, नाहीतर गिअर ज्यावर बसतात तो शाफ्ट वाकतो, नाहीतर घर, म्हणजे बाहेरची बॉडी, फुटते. ॲल्युमिनियमची बॉडी असेल तर ती आधी जाते.

आता नवख्यांचा सगळ्यात मोठा गैरसमज. गाडी न्यूट्रलमध्ये आहे म्हणजे गिअरबॉक्स थांबलेला आहे, असं अनेकांना वाटतं. तसं नसतं. इंजिन चालू आहे आणि क्लचवर पाय नाही, तर इंजिनकडून येणारा शाफ्ट फिरतो, त्याच्याबरोबर खालचा काऊंटर शाफ्ट फिरतो आणि काऊंटर शाफ्टवरचे सगळे गिअरही फिरतात. न्यूट्रलमध्ये फक्त चाकाकडे जाणारी जोड सुटलेली असते. तेव्हा “न्यूट्रलला टाकून एकदा स्टार्ट करून बघू, आवाज येतो का” हे करायचं नाही. स्टार्टरचा अर्धा सेकंदसुद्धा पुरतो.

गाडी ढकलायचीही नाही. चाकं फिरली की चाकाकडचा शाफ्ट फिरतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मोटारींत डिफरन्शियलही, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा भागही, त्याच घरात असतं, म्हणजे गाडी हातभर ढकलली तरी आतला मोठा गिअर फिरलाच. मोटारसायकलला किक मारायची नाही आणि गिअरमध्ये टाकून मागे-पुढे करायची नाही.

म्हणून पहिली पाच मिनिटं अशी घालवा. किल्ली काढून स्वतःच्या खिशात ठेवा. बॅटरीची मायनस वायर सोडा. चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. गिअरचा दांडा जिथे आहे तिथेच असू द्या. आणि गाडीजवळ जो कुणी असेल, मालक, दुसरा पोऱ्या, ड्रायव्हर, त्याला मोठ्याने सांगा की आत वस्तू पडली आहे, गाडीला हात लावायचा नाही. स्टिअरिंगला एक लाल फडकं बांधलं तर अजून चांगलं. तुम्ही पाना आणायला आत गेलात आणि मालकाने “जरा बाजूला घेतो” म्हणून गाडी चालू केली, असं होतं.

कुठे पडलं?

गिअरबॉक्सच्या पुढे, इंजिनला चिकटून, घंटेच्या आकाराचं एक घर असतं. त्यात क्लच आणि फ्लायव्हील (इंजिनच्या टोकाचं जड दातेरी चाक) असतात. स्टार्टर मोटर काढताना किंवा वरून काम करताना बोल्ट पडला तर तो बहुधा या घरात पडतो. इथे तेल नसतं, ही कोरडी जागा. बऱ्याच गाड्यांत याच्या खालच्या बाजूला पत्र्याचं झाकण असतं, ते चार बोल्ट काढून उघडलं की वस्तू दिसते किंवा हातातच पडते. धोका इथेही आहे, फ्लायव्हीलच्या दातांत अडकून ती घर फोडू शकते. पण काम सोपं आहे. इथली वस्तू शोधायला कुणी गिअरचं तेल काढत बसू नये.

खरा गिअरबॉक्स त्याच्या मागे. त्यात वस्तू जायच्या वाटा मोजक्याच: दांड्याचं भोक किंवा टॉप कव्हर, तेल भरायचं भोक, रिव्हर्स लाइटच्या स्विचचं भोक आणि पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ड्राइव्ह शाफ्ट (चाकाला फिरवणारा शाफ्ट) काढल्यावर उघडं राहणारं मोठं भोक. या शेवटच्या जागी एक चोरटी गोष्ट घडते. जुनं ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, स्क्रू ड्रायव्हरने उचकटून काढताना त्याच्या ओठाभोवतीची बारीक गोल स्प्रिंग सुटते आणि आत जाते. सील हातात आलं म्हणून माणूस खूश असतो, आणि स्प्रिंग गेली हे त्याला कळतही नाही. जुनं सील काढलं की त्यात स्प्रिंग आहे का ते प्रत्येक वेळी बघा.

काय पडलं?

मेस्त्रींनी जोडीचा वायसर मागवला तो यासाठी. वस्तू हातात असली की तीन प्रश्नांची उत्तरं लगेच मिळतात. तिला चुंबक धरतो का? ती ड्रेनच्या, म्हणजे तळाच्या तेल काढायच्या, भोकातून बाहेर येईल एवढी आहे का? आणि ती सपाट पडेल, की गोल आहे म्हणून घरंगळत जाईल?

लोखंड आणि पोलाद चुंबकाला धरतात. पितळ, तांबं, ॲल्युमिनियम, प्लॅस्टिक, रबर, कागदी पॅकिंग धरत नाहीत. स्टेनलेस स्टीलचे बरेचसे नट-बोल्टही जवळजवळ धरत नाहीत, म्हणून “स्टीलचा आहे, येईल चुंबकाला” असं गृहीत न धरता जोडीच्या वस्तूवर चुंबक लावून बघा.

तेलाच्या बाटलीच्या तोंडावरचं सील किंवा झाकणाखालची प्लॅस्टिकची कडी पडते, हे फार वेळा होतं. प्लॅस्टिक तेलावर तरंगेल असं समजू नका. पाण्यावर तरंगणारं प्लॅस्टिक तेलात हळूहळू बुडतं, कारण तेल पाण्यापेक्षा हलकं असतं.

वस्तू तुटलेली असेल, म्हणजे बोल्टचं डोकं तुटून पडलं किंवा सर्कलिपचा (खाचेत बसणाऱ्या स्प्रिंगसारख्या कडीचा) तुकडा उडाला, तर हातात राहिलेला भाग जपून ठेवा. सापडलेला तुकडा त्याला जुळवून पूर्ण वस्तू झाली पाहिजे. अर्धा सापडला म्हणजे काम अर्धंच झालं.

आता शोध: आधी डोळे

कव्हर उघडं असेल तर आधी फक्त बघा. हेडलाइटसारखी डोक्याला लावायची टॉर्च असेल तर दोन्ही हात मोकळे राहतात. वस्तू कधीकधी तेलापर्यंत पोचलेलीच नसते, वरच्या गिअरच्या बाजूला किंवा फोर्कच्या (गिअर बदलताना आतले भाग सरकवणाऱ्या काट्याच्या) खाचेत अडकून असते. अशा वेळी घाईने चुंबक आत घातला तर त्याच्याच धक्क्याने ती खाली जाते. दिसली तर लांब चिमट्याने, नाहीतर टोकाला तीन नख्या उघडतात त्या लवचिक पकडीने उचला.

मोबाइलला जोडायचा बारीक कॅमेरा आता बाजारात सहज मिळतो. साडेपाच मिलिमीटर जाडीचा असला तरी तेलाच्या भोकातून आत जातो. पण तो तेलातून काही दाखवत नाही, काच माखली की सगळं पिवळं धुकं. कॅमेऱ्याचा खरा उपयोग तेल काढल्यावर. दर दोन मिनिटांनी काच पुसावी लागते, त्याची तयारी ठेवा.

चुंबक घालायची रीत

इथे थोडं थांबून लिहितो, कारण नव्वद टक्के माणसं याच पायरीवर वैतागतात.

दुकानात अँटेनासारखी लांबणारी चुंबकाची दांडी मिळते. ती घेऊन थेट आत घातली की ती वायसरपर्यंत पोचतच नाही, वाटेत पहिला गिअर दिसला की त्याला जाऊन चिकटते. आत सगळीकडे पोलादच आहे. ओढून काढली की पुढच्या गिअरला चिकटते. पाचव्यांदा माणूस चिडून हिसका देतो आणि चुंबकाचा गोल तुकडा दांडीवरून सुटून आतच राहतो. मग शोधायच्या दोन वस्तू.

मेस्त्रींनी केलं ते असं. पेट्रोलची एक जाडसर प्लॅस्टिक नळी घेतली, हातभर लांब. ती आधी गिअरच्या शेजारच्या फटीतून खाली तळापर्यंत नेली. नळीत तांब्याच्या जाड तारेच्या टोकाला घट्ट बांधलेला लहान गोल चुंबक सोडला. नळीच्या भिंतींमुळे चुंबक गिअरला थेट चिकटत नाही, सरकत खाली जातो आणि फक्त तळाशी बाहेर डोकावतो. तार तांब्याचीच का? सायकलचा स्पोक किंवा लोखंडी तार घेतली तर ती स्वतःच चुंबकाबरोबर ओढली जाते आणि हाताला काय लागतंय ते कळत नाही. चुंबक तारेला नुसत्या फेविक्विकवर सोडू नका, तेलात तो सांधा सुटतो. वरून टेप गुंडाळा, दोऱ्याने बांधा आणि आत घालायच्या आधी जोरात ओढून बघा.

तळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पट्ट्यापट्ट्याने चाचपा, शेत नांगरतात तसा. एकाच जागी दहा वेळा नको. वस्तू लागली की बोटांना किंचित धक्का कळतो. तेव्हा चुंबक नळीत परत ओढायचा नाही, नाहीतर नळीच्या कडेला घासून वस्तू सुटते. नळी आणि तार दोन्ही एकदम, सावकाश, सरळ वर.

तेव्हा आम्हाला वायसर पाऊण तासाने मिळाला. त्याआधी दोनदा चुंबकाला काळी चिकट भुकटी लागून आली. ती पाहून मी घाबरलो होतो. ती नेहमीच्या झिजेची बारीक पावडर, ती असतेच. तिसऱ्यांदा वायसर आला. मामांनी तो पुसला, जोडीच्या वायसरशेजारी ठेवला, दोन्ही टोकं पूर्ण आहेत ना ते पाहिलं आणि मगच म्हणाले, “लाव कव्हर.”

चुंबकाला न धरणाऱ्या वस्तूसाठी तारेच्या टोकाला घट्ट ग्रीसचा गोळा लावतात. पण तेलात बुडलेल्या वस्तूला ग्रीस चिकटत नाही, म्हणून आधी तेल काढावं लागतं.

तेल काढून शोधणं

एरवी तेल बदलताना गाडी थोडी चालवून तेल गरम करतात, म्हणजे ते भराभर उतरतं. इथे ते करायचं नाही. थंड तेल काकवीसारखं उतरतं, उतरू द्या. अर्धा-पाऊण तास लागला तरी चालेल.

ड्रेनखाली स्वच्छ ट्रे ठेवा आणि ट्रेच्या तोंडावर जुन्या नायलॉनच्या साडीचा तुकडा ताणून बांधा. कापसाचं फडकं नको, त्याचे धागे सुटतात आणि तेलही त्यातून लवकर गळत नाही. ड्रेन नट शेवटचे दोन आटे असताना हाताने झटकन बाजूला घ्या, कारण पहिल्या जोराच्या धारेबरोबरच लहान वस्तू भोकाकडे येते. नटाच्या टोकाला चुंबक असेल तर त्यावर काय चिकटलंय ते नीट बघा, पुसून टाकायच्या आधी फोटो काढा.

धार बारीक झाली की वरून, ड्रेनच्या विरुद्ध टोकाला, स्वच्छ डिझेल लिटरभर हळूहळू ओता. ते तळ धुऊन नेतं. ड्रेनच्या भोकातूनही नळी आणि चुंबक वर घालून तळ चाचपता येतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. डिझेल वापरताना विडी-सिगरेट लांब, आणि गाडीखाली असाल तर नुसत्या जॅकवर विश्वास नको, घोड्या (गाडी उचलून धरणारे लोखंडी स्टँड) लावल्याशिवाय खाली जायचं नाही.

कॉम्प्रेसरची हवा आत मारू नका. हवेने वस्तू बाहेर येत नाही, उडून बेअरिंगच्या गोळ्यांमध्ये जाऊन बसते. तिथून ती काढायला सगळा गिअरबॉक्स खोलावा लागतो.

अडकलेली दिसते पण निघत नाही

दोन गिअरच्या मध्ये किंवा गिअर आणि बॉडीच्या मध्ये वस्तू बसलेली दिसत असेल, तरच हाताने फिरवायचा विचार करा. दिसत नसेल तर नाही. बॅटरी सोडलेली आहे ना ते परत बघा. एकाला क्लच दाबून धरायला बसवा. क्लच दाबला की इंजिनची जोड सुटते आणि आतले गिअर बोटाच्या जोराने हलतात. वस्तू ज्या बाजूने आत शिरली असेल त्याच्या उलट दिशेने एकेक दात हलवा. बोटाला अडल्यासारखं वाटलं की थांबा. टॉमी (लोखंडी पहार) घालून, पाना लावून जोर करायचा नाही.

नाहीच मिळाली तर

“राहू दे तळाशी, काय होतंय.” हे वाक्य तुम्हाला ऐकायला मिळेल, कधी मालकाकडून, कधी मोठ्या मेस्त्रीकडूनही. ते का चुकीचं आहे ते समजून घ्या, म्हणजे नाही म्हणायला बळ येईल. साध्या गिअरबॉक्समध्ये तेलाचा पंप नसतो. खालचा काऊंटर शाफ्ट तेलात अर्धा बुडालेला असतो, तो फिरताना तेल उसळतं आणि ते सगळीकडे उडतं, त्यावरच वरचे गिअर आणि बेअरिंग जगतात. म्हणजे तळाचं तेल कधीच शांत नसतं. त्यात पडलेला वायसर दर घाटात, दर ब्रेकला, दर खड्ड्यात जागा बदलत राहतो. आणि काऊंटर शाफ्टचे दात आणि तळ यांच्यामध्ये अंतर फार नसतं.

एका गॅरेजात एका पोराच्या हातून ट्रकच्या गिअरबॉक्समध्ये नट पडला होता. तो बोलला नाही. गाडी माल भरून निघाली, घाट चढताना मोठा आवाज झाला आणि बॉडीच्या खालच्या बाजूला बोटभर भेग पडली. खोललेला गिअरबॉक्स मी पाहिलाय. नट चपटा होऊन नाण्यासारखा झाला होता, तीन गिअर गेले होते. गिअर जितके महाग, त्याहून महाग पडलं ते गाडीचं उभं राहणं. त्या पोराचा चेहरा मला अजून आठवतो. वरच्या माणसाने त्याला बोलायची सोय ठेवली असती तर त्याने सांगितलं असतं, असं मला मनापासून वाटतं.

थोडा फरक करायचा झालाच तर तो मऊ वस्तूंबाबत. कागदी पॅकिंगचा नखाएवढा तुकडा पंप नसलेल्या जुन्या गिअरबॉक्समध्ये राहिला तर त्याचा चुरा होतो, तेल लवकर बदलून भागतं. पण धातू, मग तो कितीही लहान असो, आणि कापडाची चिंधी या दोन गोष्टी आत ठेवून गाडी द्यायची नाही.

मग गिअरबॉक्स उतरवावा लागतो. हे एकट्याचं काम नाही. जीपचासुद्धा गिअरबॉक्स दोघांना जड जातो, आणि उतरवताना तो इंजिनकडून येणाऱ्या इनपुट शाफ्टवर लटकू दिला तर क्लच प्लेट वाकते. माहीतगार माणूस बरोबर घ्या. उतरवल्यावर सगळा सुटा करायच्या आधी एक उपाय करून बघा: टॉप कव्हर उघडं ठेवून अख्खा गिअरबॉक्स स्वच्छ गोणपाटावर, त्यावर पांढरं प्लॅस्टिक अंथरून, पालथा घाला आणि लाकडी हातोडीने बाहेरून हलके ठोके द्या. बऱ्याच वेळा वस्तू टपकन बाहेर पडते आणि शाफ्ट काढायची वेळ येत नाही.

गाडी आधीच चालवून झाली असेल तर

चाकाच्या वेगाबरोबर वाढणारी ठकठक, एकाच गिअरमध्ये येणारा करकर आवाज, दांडा अडकणं, खालून नवीन तेलगळती. यांतलं काहीही दिसलं की जिथे आहात तिथे थांबा. “गॅरेजपर्यंत हळूहळू नेऊ” नको. टोइंग करायचं तर गाडी पूर्ण उचलून नेणारा ट्रक बोलवा. तो नाही मिळाला तर ज्या चाकांना इंजिनची ताकद जाते ती जमिनीवरून उचललेली हवीत, किंवा मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचा प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा लांब शाफ्ट) सोडून मग ओढा. तेल काढल्यावर त्यात चमचमणारी चंदेरी कपची, टोकदार तुकडे किंवा दाताचा कोपरा दिसला तर मग वस्तू काढून भागणार नाही, गिअरबॉक्स खोलून प्रत्येक दात बघावा लागेल.

मोटारसायकल, स्कूटर, ट्रॅक्टर आणि ऑटोमॅटिक

स्प्लेंडरसारख्या मोटारसायकलींत इंजिन आणि गिअर यांचं तेल एकच, सुमारे एक लिटर. तेल भरायच्या भोकातून काही पडलं तर ते आधी क्लचच्या बाजूच्या कप्प्यात जातं. ही चांगली बातमी. तेल काढा, किक आणि आड येणारे भाग काढा, उजव्या बाजूचं क्लच कव्हर उघडा, वस्तू बहुधा तिथेच तळाशी मिळते. जाळीची गाळणीही तिथेच असते, ती ओढून धुऊन घ्या. इथे तेलाचा पंप आहे, म्हणून चिंधीचा धागा किंवा प्लॅस्टिकची चकतीही हलक्यात घेऊ नका, जाळी तुंबली की वर कॅमला (इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाला) तेल पोचत नाही. कव्हरचं पॅकिंग नवीनच लावा. इथे नाही मिळाली आणि आत गिअरपर्यंत गेली असेल तर इंजिनचे दोन भाग उभे वेगळे करावे लागतात, ते काम जाणत्याकडे द्या.

गिअर नसलेल्या स्कूटरमध्ये पट्ट्याची बाजू कोरडी असते. तिथे पडलेला स्क्रू कव्हर काढून उचलता येतो, फक्त पट्ट्याला चीर गेली नाही ना ते बघा. मागच्या चाकाजवळ गिअर ऑइलचा वेगळा लहान कप्पा असतो, त्यात तेल जेमतेम शंभर-सव्वाशे मिलीलिटर.

ट्रॅक्टरमध्ये बऱ्याचदा गिअर, डिफरन्शियल आणि हायड्रॉलिक यांचं तेल एकाच मोठ्या घरात असतं. म्हणजे दांड्यापाशी पडलेली वस्तू खूप लांब जाऊ शकते, आणि लिफ्टचा पंप तेच तेल ओढतो. तेल कितीतरी लिटर निघतं, त्यामुळे भांड्यांची सोय आधी करा. हायड्रॉलिकची गाळणी न चुकता काढून बघा.

ऑटोमॅटिकमध्ये तेल मोजायची काडी असेल आणि तिच्या नळीतून काही आत गेलं, तर ते सहसा खालच्या चेंबरमध्ये, म्हणजे तेलाच्या तळातल्या भांड्यात, पडतं. पंपाच्या वाटेवर गाळणी असते, पण तिच्या भरवशावर गाडी चालू करू नका. चेंबर उघडून वस्तू काढायची, त्यातली गोल चुंबकं पुसायची, गाळणी आणि पॅकिंग बदलायचं. याच्या वर जो व्हॉल्व्हचा भाग आहे त्याला नवख्याने हात लावू नये. एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) मात्र नावाने ऑटोमॅटिक असली तरी आतून साधा गिअरबॉक्सच असतो. सेलेरिओपासून, म्हणजे २०१४ पासून, आपल्याकडे या गाड्या वाढल्या. फरक एवढाच की क्लच आणि दांडा यंत्र हलवतं. म्हणून अशा गाडीत बॅटरी सोडणं आणखी महत्त्वाचं, नाहीतर इग्निशन लागताच ते यंत्र आतले फोर्क हलवू शकतं.

बंद करताना, आणि पुढच्या वेळी

आता सगळे भाग मोजा. कव्हर उघडताना काढलेला फोटो समोर ठेवा. बोल्ट किती, वायसर किती, छर्रे किती, स्प्रिंगा किती. तेल पुस्तिकेत लिहिलेलंच. गॅरेजात सरसकट ‘नव्वद नंबर’ म्हणतात, पण जिथे ८०डब्ल्यू-९० (जाडी) जीएल-४ (दर्जा) लिहिलंय तिथे मिळतंय म्हणून जीएल-५ ओतू नका, काही जीएल-५ तेलांतली रसायनं पितळी सिंक्रो रिंगांना (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्यांना) मानवत नाहीत. गाडी सपाट जागी उभी करून भरायच्या भोकातून तेल बाहेर यायला लागेपर्यंत भरा. काढलेलं तेल गटारात किंवा विहिरीच्या आसपास ओतू नका, डब्यात भरून जुनं तेल घेणाऱ्याला द्या.

पहिल्यांदा चालू करताना क्लच पूर्ण दाबून स्टार्ट करा, मग पाय अगदी हळू सोडा आणि कान गिअरबॉक्सकडे ठेवा. खटका आला तर लगेच क्लच दाबून बंद.

पुढच्या वेळी हे टाळायचं तर कव्हर उघडायच्या आधीच अर्धं काम होतं. पावसाळ्यात कोकणातून आलेल्या गाडीच्या टॉप कव्हरवर लाल मातीचा बोटभर थर असतो. ब्रशने, डिझेलने तो आधी धुवा, नाहीतर कव्हर उचलताना तोच आत जातो. शर्टाच्या खिशातलं पेन, कंगवा, मोबाइल काढून ठेवा, वाकलात की पहिलं तेच पडतं. हातातली अंगठी आणि गळ्यातली साखळीही. भाग ठेवायला कड असलेली स्टीलची थाळी घ्या. उघड्या भोकावर स्वच्छ, मोठं, धागे न सुटणारं फडकं झाका, भोकात कोंबायचं तर त्याचं अर्धं टोक बाहेर लोंबतं ठेवा आणि त्याला लाल दोरा बांधा. बोल्ट बसवताना पान्याच्या सॉकेटमध्ये ग्रीसचा ठिपका लावला की बोल्ट त्याला धरून राहतो. सिलेक्टरचा (फोर्क हलवणारा) शाफ्ट सरकवताना वर तळहात धरा, खालचा छर्रा स्प्रिंगच्या जोराने उडतो आणि तो कुठे गेला ते डोळ्यांना दिसत नाही. तेलाच्या बाटलीचं सील भोकापासून चार पावलं लांब फोडा.

मालकाला काय झालं ते सांगून गाडी द्या, आणि तीनशे-चारशे किलोमीटर झाले की परत बोलवा. तेव्हा तेल पुन्हा नायलॉनच्या फडक्यातून काढा. ड्रेन नटच्या चुंबकावर करड्या रंगाचा लोण्यासारखा थर असेल तर ठीक. बोटांत चोळल्यावर कण टोचले तर कव्हर परत उघडा.